डोनाल्ड डेव्हिस

डोनाल्ड वॉट्स डेव्हिस (७ जून, १९२४ – २८ मे, २०००) हे वेल्समध्ये जन्मलेले ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. संगणकांमधील संदेश लहान व ठरावीक मर्यादेच्या तुकड्यांत विभागून पाठवण्याची पद्धत त्यांनी १९६५ साली स्वतंत्रपणे मांडली आणि त्या तुकड्यांना पॅकेट हे नाव दिले. पॅकेट स्विचिंग या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजच्या इंटरनेटचा पाया आहे. अमेरिकेतील पॉल बॅरन यांनी हीच मूळ कल्पना काही वर्षे आधी वेगळ्या हेतूने मांडली होती. मात्र डेव्हिस यांना आपली योजना तयार होईपर्यंत त्या कामाची माहिती नव्हती.

डेव्हिस यांची जवळजवळ सर्व कारकीर्द लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी (एनपीएल) या सरकारी प्रयोगशाळेत गेली. (दिल्ली येथील याच नावाची प्रयोगशाळा ही वेगळी संस्था आहे.) त्यांनी संपूर्ण ब्रिटनसाठी संगणकजाळ्याची योजना आखली, परंतु देशातील दूरसंचार व्यवस्था पोस्ट खात्याच्या ताब्यात असल्याने एनपीएलला केवळ आपल्या आवारापुरतेच जाळे उभारता आले. मोठे जाळे प्रत्यक्षात नसताना ते गर्दीच्या वेळी कसे वागेल, हे शोधण्यासाठी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून संगणकावर त्याची प्रतिरूपे चालवली. जाळे बांधण्यापूर्वी त्याचे प्रतिरूप तपासून पाहण्याची जी पद्धत आज सर्वमान्य आहे, तिच्या आरंभीच्या प्रयोगांमध्ये या कामाची गणना होते.

बालपण आणि शिक्षण

डेव्हिस यांचा जन्म वेल्सच्या ऱ्हाँडा खोऱ्यातील ट्रिऑर्की या गावी झाला. हा भाग कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होता आणि त्यांचे वडील एका खाणीच्या कार्यालयात कारकून होते. डोनाल्ड आणि त्यांची जुळी बहीण काही महिन्यांचे असतानाच वडिलांचे निधन झाले. त्यानंतर आई दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्ट्‌स्मथ या आपल्या माहेरच्या शहरी परतली. डोनाल्ड यांचे शालेय शिक्षण तेथेच झाले.

१९४३ साली त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. दुसरे महायुद्ध चालू असल्याने पदवीनंतर त्यांची नेमणूक ब्रिटनच्या अण्वस्त्र प्रकल्पावर झाली. ट्यूब अलॉइज या सांकेतिक नावाने चाललेल्या या प्रकल्पात त्यांनी बर्मिंगहॅम विद्यापीठात क्लाउस फुक्स यांचे साहाय्यक म्हणून काम केले. पुढे १९५० साली सोव्हिएत संघाला अणुविषयक गुपिते पुरवल्याबद्दल शिक्षा झालेले फुक्स ते हेच. युद्ध संपल्यावर डेव्हिस पुन्हा इंपीरियल कॉलेजात दाखल झाले आणि १९४७ साली त्यांनी गणितात प्रथम श्रेणीत पदवी मिळवली.

एनपीएल आणि एस संगणक

१९४७ मध्येच डेव्हिस एनपीएलमध्ये रुजू झाले. त्या वेळी तेथे अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या आराखड्यानुसार ऑटोमॅटिक कंप्युटिंग एंजिन, म्हणजेच एस, हा संगणक बांधण्याचे प्रयत्न चालू होते. ट्युरिंग यांनी १९३६ साली लिहिलेल्या प्रसिद्ध शोधनिबंधात कोणतीही गणना करू शकणाऱ्या एका काल्पनिक यंत्राचे तपशीलवार वर्णन केले होते. नव्याने आलेल्या डेव्हिस यांनी तो निबंध बारकाईने वाचला आणि या यंत्राच्या सूचनांमध्ये अनेक चुका असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्या चुकांमुळे निबंधातील मूळ सिद्धान्ताला बाध येत नव्हता, परंतु यंत्र लिहिल्याप्रमाणे चालवले असते तर ते अडले असते. त्यांनी हे ट्युरिंग यांच्या निदर्शनास आणून दिले, तेव्हा ट्युरिंग नाराज झाले. डेव्हिस यांनी मात्र हा विषय सोडला नाही. त्यांनी केलेल्या दुरुस्त्या त्यांच्या मृत्यूनंतर, २००४ साली, ट्युरिंग यांच्या निवडक लेखनाच्या संग्रहात प्रसिद्ध झाल्या. कागदावर बिनचूक वाटणारी रचना पायरी पायरीने चालवून पाहिल्याशिवाय खरी मानायची नाही, ही त्यांची वृत्ती या प्रसंगातून प्रथम दिसते.

एसचा मूळ आराखडा फार महत्त्वाकांक्षी होता आणि काम रेंगाळत गेले. १९४८ साली ट्युरिंग एनपीएल सोडून मँचेस्टरला गेले. त्यानंतर जेम्स विल्किन्सन यांच्या नेतृत्वाखालील गटाने त्याची लहान आवृत्ती तयार करण्याचे ठरवले. या गटात डेव्हिस यांचा महत्त्वाचा सहभाग होता. पायलट एस नावाच्या या संगणकाने १० मे, १९५० रोजी आपला पहिला कार्यक्रम चालवला. सुमारे ८०० निर्वात नलिका आणि पाऱ्याच्या स्मृतिनलिका असलेला हा संगणक त्या काळातील अतिशय वेगवान संगणकांपैकी एक होता. इंग्लिश इलेक्ट्रिक या कंपनीने त्यावर आधारलेला ड्यूस हा संगणक १९५५ पासून विकण्यास सुरुवात केली. मूळ पायलट एस आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

संगणक तयार झाल्यावर डेव्हिस त्याच्या उपयोगांकडे वळले. त्यांनी रस्त्यावरील वाहतुकीचे प्रतिरूप संगणकावर चालवण्याचे काम केले, तसेच रशियन भाषेतील तांत्रिक मजकुराचे इंग्रजीत यांत्रिक भाषांतर करण्याच्या प्रकल्पाचे नेतृत्व केले. पुढे संगणकजाळ्यांच्या अभ्यासात वाहनांची जागा पॅकेटांनी आणि चौकांची जागा नोडांनी घेतली. रांगा, प्रतीक्षा आणि कोंडी हे प्रश्न मात्र तेच राहिले. १९५४ साली शिष्यवृत्तीवर ते एक वर्षासाठी अमेरिकेला गेले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथेही त्यांनी काही काळ काढला. १९५५ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी अशी तीन अपत्ये होती.

पॅकेट स्विचिंगची कल्पना

१९६५ च्या मे महिन्यात न्यू यॉर्क येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संगणक परिषदेच्या निमित्ताने डेव्हिस पुन्हा अमेरिकेला गेले. त्या काळी एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची कालविभाजन पद्धत नुकतीच पुढे येत होती. दूरवर बसलेला माणूस टेलिफोनच्या तारेवरून संगणकाशी जोडला जाई. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनपीएलने या विषयावर चर्चासत्र भरवले आणि एमआयटीतील संशोधकही त्यास आले. या चर्चेत दळणवळणाची अडचण पुन्हा पुन्हा समोर आली.

टेलिफोनवर बोलताना दोन्ही टोकांमधील तार संभाषण संपेपर्यंत राखून ठेवलेली असते. माणसांच्या बोलण्यासाठी ही व्यवस्था योग्य आहे, कारण बोलण्याचा ओघ बहुतेक सलग असतो. संगणकाशी चालणारा व्यवहार तसा नसतो. वापरणारा एखादी ओळ टंकतो, थोडा वेळ विचार करतो, मग उत्तर येते आणि पुन्हा शांतता पसरते. अशा व्यवहारात तार बहुतेक वेळ रिकामी राहते, परंतु तिचा खर्च मात्र पूर्ण वेळेचा होतो. तारायंत्राच्या जाळ्यांमध्ये संदेश एका केंद्रात साठवून पुढच्या केंद्राकडे धाडण्याची पद्धत होती. पण तेथे संपूर्ण संदेश एकसंध जाई, त्यामुळे एखाद्या लांबलचक संदेशामागे अनेक छोटे संदेश अडकून पडत.

डेव्हिस यांनी या दोन्ही पद्धतींपेक्षा वेगळा मार्ग सुचवला. प्रत्येक संदेश लहान तुकड्यांत विभागावा, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असावा आणि वाटेतील लहान संगणकांनी तो तुकडा साठवून, पत्ता वाचून, मोकळ्या मार्गाने पुढे पाठवावा, अशी ही योजना होती. एकाच तारेवर अनेकांचे तुकडे एकामागून एक जात असल्याने तार रिकामी राहत नाही. तुकडे लहान असल्याने कोणालाही फार वेळ थांबावे लागत नाही. तुकड्याची कमाल लांबी त्यांनी १,०२४ बिट, म्हणजे १२८ अक्षरांइतकी, धरली आणि मुख्य मार्गांसाठी सेकंदाला १५ लाख बिट इतका वेग सुचवला. त्या काळातील सामान्य टेलिफोन तारांच्या तुलनेत हा वेग शेकडो पटींनी अधिक होता.

तुकड्याला काय म्हणावे, यावरही त्यांनी विचार केला. इतर भाषांमध्ये सहज उतरेल असा शब्द त्यांना हवा होता, म्हणून त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि पॅकेट हा शब्द निवडला. मराठीतही तो मूळ रूपातच रुळला आहे.

डिसेंबर १९६५ मध्ये त्यांनी देशव्यापी सेवेचा पहिला प्रस्ताव लिहिला आणि १८ मार्च, १९६६ रोजी एनपीएलमध्ये जाहीर व्याख्यान देऊन ही कल्पना मांडली. व्याख्यानानंतर संरक्षण मंत्रालयातील एका अधिकाऱ्याने त्यांना अमेरिकेतील रँड संस्थेच्या पॉल बॅरन यांच्या कामाविषयी सांगितले. अणुहल्ल्यात निम्मी केंद्रे नष्ट झाली तरी संदेश पोहोचावेत, यासाठी बॅरन यांनी जवळपास अशीच रचना सुचवली होती आणि १९६४ साली तिचे अनेक खंडांचे अहवाल प्रसिद्ध झाले होते. दोघांनी निवडलेली तुकड्याची लांबीही सारखीच, १,०२४ बिट, निघाली. बॅरन यांचा हेतू लष्करी होता, तर डेव्हिस यांच्यासमोर बँका, उद्योग, दुकाने आणि संशोधनसंस्था यांना परवडेल अशी सार्वजनिक सेवा होती. बॅरन यांच्या अग्रक्रमाचा उल्लेख डेव्हिस यांनी पुढे नेहमी केला. जून १९६६ मध्ये त्यांनी सविस्तर अहवाल तयार केला. त्याच वर्षी ते एनपीएलच्या संबंधित विभागाचे प्रमुख झाले आणि त्यांनी त्याचे रूपांतर संगणकशास्त्र विभागात केले.

गॅटलिनबर्ग परिषद आणि आर्पानेट

ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग येथे संगणकाच्या कार्यप्रणालींवरील परिषद भरली. डेव्हिस, कीथ बार्टलेट, रॉजर स्कँटलबरी आणि पीटर विल्किन्सन यांनी लिहिलेला निबंध तेथे स्कँटलबरी यांनी वाचला. याच परिषदेत लॅरी रॉबर्ट्स यांनी आर्पानेट या नियोजित अमेरिकी जाळ्याविषयी निबंध सादर केला. संगणक एकमेकांना नेमके कसे जोडायचे, याचा तपशील तोपर्यंत ठरलेला नव्हता. एनपीएलच्या निबंधात त्याचे उत्तर होते. बॅरन यांच्या अहवालांचा निर्देशही त्यात होता. या भेटीनंतर आर्पानेटमध्ये पॅकेट स्विचिंग स्वीकारले गेले आणि जोडमार्गांचा नियोजित वेग सेकंदाला २,४०० बिटांवरून ५०,००० बिटांपर्यंत वाढवण्यात आला. २९ ऑक्टोबर, १९६९ रोजी आर्पानेटच्या पहिल्या दोन केंद्रांमध्ये संदेशाची देवाणघेवाण झाली.

टेडिंग्टनमधील जाळे

ब्रिटनमध्ये मात्र देशव्यापी जाळ्याचा प्रस्ताव पुढे सरकला नाही. तारा टाकण्याचा आणि संदेशवहनाचा एकाधिकार पोस्ट खात्याकडे होता आणि त्या खात्याचे सारे नियोजन टेलिफोनभोवती होते. त्यामुळे एनपीएलने आपल्याच आवारातील इमारती जोडणारे जाळे बांधायचे ठरवले. डेरेक बार्बर, स्कँटलबरी, बार्टलेट, विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केले. सुरुवातीला निवडलेला ब्रिटिश बनावटीचा संगणक उत्पादकाने मागे घेतल्यामुळे हनीवेल ५१६ हा संगणक वापरण्यात आला. आर्पानेटच्या केंद्रांसाठीही स्वतंत्रपणे याच संगणकाची निवड झाली होती.

या जाळ्याचे काही भाग १९६९ मध्ये चालू झाले आणि १९७० च्या आरंभी ते पूर्णपणे कार्यरत झाले. १९७३ साली त्याची सुधारित आवृत्ती आली आणि ती १९८६ पर्यंत वापरात होती. १९७६ पर्यंत १२ संगणक आणि ७५ उपकरणे या जाळ्याला जोडली गेली होती. जोडमार्गांचा वेग सेकंदाला ७,६८,००० बिट होता. दोन टोकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचे, यासाठी प्रोटोकॉल ही संज्ञा एनपीएलच्या गटाने १९६७ मध्येच वापरली होती. वाटेत एखादे पॅकेट हरवले किंवा बिघडले तर ते ओळखण्याची व पुन्हा मागवण्याची व्यवस्था टोकाच्या संगणकांनीही ठेवावी, असा विचारही या गटाने मांडला होता.

जाळ्याचे प्रतिरूपण

आवारातील जाळ्यात एकच स्विचिंग संगणक होता. त्यामुळे अनेक नोडांचे जाळे भरून आल्यावर काय घडेल, हे त्यावरून कळणे शक्य नव्हते. डेव्हिस यांना हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. एका नोडचे वागणे गणिताने सांगता येते. परंतु प्रत्येक नोड शेजाऱ्यांवर अवलंबून असल्याने संपूर्ण जाळ्याचे वागणे सुट्या भागांची बेरीज करून मिळत नाही. म्हणून १९६८ पासून त्यांच्या विभागात सिम्युलेशनचे, म्हणजे प्रतिरूपणाचे, काम सुरू झाले. ते १९७६ पर्यंत चालले आणि त्यात विन प्राइस यांचा वाटा मोठा होता.

या प्रतिरूपात जाळ्यातील प्रत्येक नोड, त्याची मर्यादित साठवणजागा, प्रत्येक जोडमार्गाचा वेग आणि त्यावरील रांग यांची नोंद संगणकाच्या स्मृतीत ठेवली जाई. काल्पनिक घड्याळ पुढे सरकवत यादृच्छिक अंतराने नवी पॅकेटे जाळ्यात सोडली जात आणि प्रत्येकाचा प्रवास नोंदवला जाई. पॅकेटांचा ओघ हळूहळू वाढवत नेऊन सेकंदाला किती पॅकेटे मुक्कामी पोहोचतात आणि त्यांना किती वेळ लागतो, हे मोजले जाई.

निष्कर्ष चिंताजनक होता. ओघ कमी असताना सर्व काही सुरळीत चाले. ओघ वाढवला की पोहोचणाऱ्या पॅकेटांची संख्याही वाढे. परंतु एका मर्यादेपलीकडे ती स्थिर राहण्याऐवजी घसरू लागे. एखाद्या नोडची साठवणजागा भरली की त्याला शेजाऱ्याकडून पॅकेट घेता येत नसे. त्यामुळे शेजाऱ्याची जागाही भरे आणि ही कोंडी जाळ्यात मागे मागे पसरत जाई. टोकाच्या स्थितीत दोन नोड एकमेकांकडे जाणाऱ्या पॅकेटांनीच भरून जात आणि दोघेही कायमचे अडकत. म्हणजे गर्दी वाढल्यावर जाळे केवळ मंद होत नव्हते. ते निकामी होण्याचाही धोका होता. सुट्या नोडची रचना कितीही निर्दोष असली तरी हा दोष टळत नव्हता.

यावर डेव्हिस यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात एक उपाय सुचवला. जाळ्यात एकाच वेळी असणाऱ्या पॅकेटांची एकूण संख्याच मर्यादित ठेवायची, हे त्याचे तत्त्व होते. त्यासाठी ठरावीक संख्येचे परवाने जाळ्यात फिरत राहतात. नवे पॅकेट आत येण्यासाठी नोडकडे एक परवाना मोकळा असावा लागतो आणि पॅकेट मुक्कामी पोहोचले की तो परवाना पुन्हा मोकळा होतो. एकेरी रेल्वेमार्गावर चालकाच्या हाती टोकन आल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नाही, त्याच धर्तीची ही व्यवस्था होती. समान आणि संख्या या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी तिला आयसॅरिथ्मिक असे नाव दिले.

हा उपायही लगेच प्रतिरूपावर तपासला गेला. जाळे एकंदरीत भरून जाण्याचा धोका त्यामुळे पुष्कळ कमी झाला, पण उणिवाही दिसल्या. पुष्कळ पॅकेटे एकाच मंद टोकाकडे निघाली तर एकूण संख्या मर्यादेत असूनही तेथे कोंडी होऊ शकत होती. परवाने नको तेथे साचले तर दुसरीकडे विनाकारण थांबावे लागे; बिघाडामुळे परवाने हरवले तर जाळ्याची क्षमताच घटत जाई. त्यामुळे या पद्धतीला दोन टोकांमधील ओघावरच्या नियंत्रणाची जोड आवश्यक आहे, हे स्पष्ट झाले. मोठ्या जाळ्यांमध्ये ही पद्धत रूढ झाली नाही. मात्र कोंडीचे नियंत्रण हा जाळ्याच्या रचनेतील मूलभूत प्रश्न आहे, ही जाणीव या प्रयोगांनी दृढ केली.

या इशाऱ्याची प्रचिती पुढे आली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कली येथील दोन संस्थांमध्ये, अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावर, इंटरनेटवरील वहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांपर्यंत कोसळला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली या कोंडीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. जाळ्याचा अंदाज घेत प्रत्येक टोकाच्या संगणकाने आपला ओघ आपणच कमीजास्त करावा, हा त्यांचा उपाय इंटरनेटमध्ये सर्वत्र स्वीकारला गेला.

युरोपातील जाळी आणि पोस्ट खाते

१९७१ साली अनेक युरोपीय देशांनी मिळून युरोपियन इन्फर्मॅटिक्स नेटवर्क उभारण्याचा करार केला. एनपीएलचे डेरेक बार्बर त्याचे संचालक झाले आणि एनपीएल त्यातील एक केंद्र बनले. हे जाळे १९७६ मध्ये कार्यान्वित झाले. ब्रिटिश पोस्ट खात्याने अखेर १९७७ साली लंडन, मँचेस्टर आणि ग्लासगो येथे प्रायोगिक पॅकेट सेवा सुरू केली. डेव्हिस यांच्या पहिल्या प्रस्तावाला तोपर्यंत ११ वर्षे उलटून गेली होती. दरम्यान जाळ्यांच्या विकासाचे केंद्र अमेरिकेकडे सरकले होते.

माहितीची सुरक्षा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिस यांनी विभागप्रमुखपद सोडले आणि ते पुन्हा स्वतः संशोधन करू लागले. संगणकजाळ्यांवरून पैशांचे व्यवहार होऊ लागल्यावर संदेशाची गुप्तता आणि पाठवणाऱ्याची ओळख हे कळीचे प्रश्न ठरतील, असे त्यांना वाटत होते. त्यांनी सांकेतिक लेखनाच्या नव्या पद्धतींचा आणि अंकीय स्वाक्षरीचा अभ्यास केला. सांकेतिक लेखनाच्या पद्धतीपासून संदेशाचा संक्षिप्त ठसा तयार करण्याची एक रचना त्यांच्या आणि कार्ल मायर यांच्या नावाने डेव्हिस–मायर रचना म्हणून ओळखली जाते. एसएचए-२ यांसारख्या, पुढे सर्वत्र वापरल्या गेलेल्या पद्धतींच्या मुळाशी ती आहे. १९८४ साली एनपीएल सोडल्यावर त्यांनी बँकांना व इतर संस्थांना सुरक्षाविषयक सल्ला दिला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन संकेतयंत्रांचाही त्यांनी सखोल अभ्यास केला आणि त्यावर निबंध लिहिले.

श्रेयाविषयीचा वाद

पॅकेट स्विचिंगचा शोध नेमका कोणाचा, यावर १९९० च्या दशकात मतभेद निर्माण झाले. अमेरिकी संशोधक लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी संदेशजाळ्यांतील रांगांचे गणित मांडले होते आणि त्यातच या पद्धतीचा उगम आहे, असा त्यांचा दावा होता. डेव्हिस यांना तो मान्य नव्हता. रांगांचे गणित आणि संदेशाचे तुकडे करण्याची कल्पना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची भूमिका होती. या विषयावरील त्यांचा अभ्यासपूर्ण निबंध त्यांच्या निधनानंतर, २००१ साली, प्रसिद्ध झाला. कल्पनेचे श्रेय बॅरन आणि डेव्हिस या दोघांना स्वतंत्रपणे देण्याकडे इतिहासकारांचा सामान्यतः कल आहे.

वारसा

जाळे बांधण्यापूर्वी ते संगणकावर चालवून पाहणे ही आज नेहमीची पद्धत झाली आहे. एनपीएलच्या प्रतिरूपात नोड म्हणजे केवळ स्मृतीतील आकडे होते. आज त्याच्या जोडीला एम्युलेशन ही पद्धत वापरली जाते. तीत जाळे कृत्रिम असते, पण त्यावर चालणारी संगणकप्रणाली खरी असते. लिनक्स या कार्यप्रणालीत एकाच संगणकावर अनेक कंटेनर तयार करता येतात. प्रत्येक कंटेनरला स्वतःचे पत्ते आणि स्वतःची मार्गतक्ती मिळते, त्यामुळे तो स्वतंत्र संगणकाप्रमाणे वागतो. असे कंटेनर आभासी तारांनी जोडून त्या तारांवर हवा तसा विलंब, वेगमर्यादा आणि पॅकेटगळती घालता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातून २०१० मध्ये पुढे आलेले मिनिनेट, तसेच कंटेनरनेट, कंटेनरलॅब आणि काथारा ही साधने याच तत्त्वावर चालतात. त्यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना एका साध्या लॅपटॉपवर अनेक नोडांचे जाळे उभारता येते, त्यातील एखादा मार्ग तोडून पाहता येतो आणि कोंडी कशी पसरते ते प्रत्यक्ष मोजता येते.

ही साधने एनपीएलच्या कामातून थेट निर्माण झालेली नाहीत, आणि त्यांनाही मर्यादा आहेत. सर्व कंटेनर एकाच प्रोसेसरचा वेळ वाटून घेत असल्याने भार फार वाढला की मोजमापे बिघडतात. कारण त्यांचे घड्याळ खरे असते, एनपीएलच्या प्रतिरूपातील घड्याळाप्रमाणे थांबवून ठेवता येत नाही. तरीही त्यांच्या मुळाशी असलेला विचार डेव्हिस यांच्या गटाने अनुभवलेलाच आहे: जाळ्याचे दोष सुट्या भागांत दिसत नाहीत, संपूर्ण जाळे भाराखाली चालवल्यावरच ते उघड होतात.

ग्रंथ

डेव्हिस यांचे पुढील ग्रंथ संगणकजाळ्यांच्या अभ्यासात पाठ्यपुस्तके म्हणून वापरले गेले.
• कम्युनिकेशन नेटवर्क्स फॉर कंप्युटर्स (१९७३), डेरेक बार्बर यांच्यासह
• कंप्युटर नेटवर्क्स अँड देअर प्रोटोकॉल्स (१९७९), बार्बर, प्राइस आणि सोलोमोनिडीस यांच्यासह
• सिक्युरिटी फॉर कंप्युटर नेटवर्क्स (१९८४), विन प्राइस यांच्यासह

सन्मान

ब्रिटिश कंप्युटर सोसायटीने डेव्हिस यांना १९७५ साली विशेष फेलो म्हणून गौरवले. १९८३ साली त्यांना सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला आणि १९८७ साली रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून त्यांची निवड झाली. लंडनच्या रॉयल हॉलोवे अँड बेडफर्ड न्यू कॉलेजमध्ये ते अभ्यागत प्राध्यापक होते. २००० सालचा आयईईई इंटरनेट पुरस्कार त्यांना बॅरन, क्लाइनरॉक आणि रॉबर्ट्स यांच्यासह देण्यात आला. त्याच वर्षी २८ मे रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर २००७ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये आणि २०१२ साली इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०१३ साली ट्रिऑर्की या त्यांच्या जन्मगावी त्यांच्या स्मरणार्थ निळा नामफलक लावण्यात आला.